माळावरचे तीन तास

विटा मागे टाकून आटपाडीकडे निघालं की एक उघडा माळ लागतो. त्या दुपारी मी तिथे नव्हतो, तरी हल्ली अर्धवट झोपेत तो मला दिसतो. पांढरं ऊन, बाभळीची विरळ सावली, बॉनेट उघडलेली आमची गाडी, आणि डोक्यावर पदर घेतलेली माझी बायको. ती फोनवर बोलत असते. वारा एवढा असतो की तिचे शब्द माझ्यापर्यंत पोचत नाहीत.

ती कराडहून माहेरी निघाली होती. गाडी बंद पडली तेव्हा तिने विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तुमच्या पॉलिसीत रस्त्यावरची मदत नाही, असं उत्तर आलं. विट्याचा मेकॅनिक पोचायला तीन तास गेले. घरी आल्यावर ती म्हणाली, "फसवलं आपल्याला." मीही कंपनीला शिव्या घातल्या.

खरं असं होतं की आधीच्या नूतनीकरणाला मी एजंटशी तासभर घासाघीस केली होती. शेवटी ते म्हणाले, "साहेब, ह्याच्या खाली न्हाई येत. रस्त्यावरची मदत काढली तरच." मी म्हणालो, काढा. आम्ही दोघं एकदा हॉटेलात जेवतो, तेवढेच पैसे वाचले. तिला सांगायचं राहून गेलं, असं मी मनाला समजावत आलो. राहून गेलं नव्हतं. ती नको म्हणाली असती.

यंदा एजंट पुन्हा आले. या वेळी मदत हवीच होती, पण जिभेची सवय सुटली नव्हती. मी आकडा खाली ओढत राहिलो.

"मंडईतल्या बाया तुमाला बघून मेथीच्या पेंड्या लपवत असतील," ते हसून म्हणाले.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "भाऊ, तुमची कंपनी पैसे घेते आणि मदत देत नाही. मी माळावर तीन तास उभी होते."

एजंटांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. मला वाटलं, आपण सगळे पाण्याखाली बसलोय. मग ते कपात बघत म्हणाले, "चुकलं आमचं, वैनी. यंदा मदतीचं कायबी लावत न्हाई. माझ्या कमिशनमधनं देतो."

इतका वेळ मी जे मागत होतो, ते मला असं मिळालं.

"त्यांचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मागच्या वेळी मदत मीच काढायला लावली होती."

तिने ट्रे हळूच खाली ठेवला.

"निदान सांगायचं तरी," ती म्हणाली. "पाण्याची आणखी एक बाटली घेतली असती."

मग एजंटांना तिने पूर्ण भाव विचारला. त्यांनी सांगितला. "तोच लिहा," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरचा पॉलिसीचा कागद ओढून घेऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागली.