वहिनींची सर्व्हरची परीक्षा

आमच्या वहिनींइतका संशयी माणूस पुणे शहराने आजवर निर्माण केलेला नाही, आणि या बाबतीत शहराने प्रयत्नांत कसूर ठेवलेली नाही. तुम्ही म्हणाल, दीर आहे, तिखटमीठ लावून सांगणारच. मग धायरीला आमच्या घरी एकदा येऊन बघा. म्हणजे आधी फोन करा आणि फोनवर तुम्ही तुम्हीच आहात हे वहिनींना पटवून द्या. माझ्या सख्ख्या काकांना ते जमलं नव्हतं. नागपूरहून रात्रभर प्रवास करून ते स्वारगेटला उतरले आणि पत्ता विचारायला त्यांनी फोन केला. "आपण काका आहात हे कशावरून?" वहिनींनी विचारलं. काका आधी हसले. मग वहिनींनी त्यांना दादाच्या लग्नात पंगतीला गोड काय होतं ते विचारलं. काकांना आठवेना. "मग पत्ता मिळणार नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी शेजारीच उभा होतो म्हणून बरं. स्कूटर पिटाळत गेलो, तर काका आल्या पावली परत निघालेले. हातापाया पडून त्यांना घरी आणलं, तेव्हा चहाचा कप पुढे करत वहिनी म्हणाल्या, "श्रीखंड होतं. आता लक्षात ठेवा."

या सगळ्याच्या मुळाशी होती त्यांची परीक्षा. कसबा पेठेतल्या एका जुन्या कंपनीच्या ऑफिसात वहिनी टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. पुढे उदारीकरणाचे वारे आले, ऑफिसात कम्प्युटर आले, आणि बाकीची मंडळी त्या यंत्राला हात लावायच्या धास्तीने रजा टाकू लागली, तेव्हा वहिनींनी त्याची जाडजूड पुस्तकं घरी आणून वाचून काढली. तेव्हापासून सर्व्हरची खोली त्यांच्या ताब्यात. ज्या एका कम्प्युटरवर ऑफिसातल्या बाकी सगळ्यांचं काम चालायचं, त्याला वहिनी 'आमचा' म्हणत. दादाला तसं म्हणाल्याचं मला आठवत नाही. मग बाहेरून एक नवे मॅनेजर आले. त्यांनी फर्मान काढलं, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे सर्व्हर आणि नेटवर्क-सुरक्षेचं सर्टिफिकेट पाहिजे. मार्चअखेर आणा, नाहीतर परत टायपिंगला बसा. जी बाई तो सगळा डोलारा एकटीने सांभाळत होती तिला विचारायचं, तुला हे येतं याचा कागद कुठे आहे! माझं डोकंच फिरलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माणूस नवीन आहे. ओळखपाळख नसताना विश्वास ठेवला असता तर मला तो मूर्ख वाटला असता."

अभ्यास सुरू झाला आणि आमचे हाल सुरू झाले. पुस्तकात जे येईल ते घरावर करून बघायचं, ही त्यांची पद्धत. घरच्या कम्प्युटरचा पासवर्ड दर सोमवारी बदलायचा. त्यात माझी लग्नासाठी लिहिलेली माहिती होती. ती मागितली तर म्हणाल्या, "काम काय ते सांगा. तेवढंच उघडून देते." मित्राकडून एक फ्लॉपी आणली, तर ती कुठून आली, त्याआधी कोणाकडे होती, तिथे आणखी कोण कोण होतं, अशी चौकशी! मला सांगून आलेल्या स्थळांचीही कोणी इतकी केली नाही. विरजणही सुटलं नाही. महत्त्वाच्या गोष्टीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, असं पुस्तकात होतं. लगेच विरजणाची एक वाटी समोरच्या इमारतीतल्या काकूंच्या फ्रिजमध्ये गेली. एवढ्यावर थांबतील तर त्या वहिनी कसल्या! बाहेर ठेवलेली प्रत ऐन वेळी चालते का हेही तपासायला हवं, म्हणून दर रविवारी घरचं चांगलं दही बाजूला सारून आम्ही काकूंकडच्या विरजणाचं खायचं. ते आंबटढाण असायचं. दादा मुकाट्याने साखर घालून खायचा.

संध्याकाळी प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. मी चार उत्तरं वाचून दाखवायची आणि त्यांनी सर्वांत योग्य ते सांगायचं.

"दुसरं आणि तिसरं. दोन्ही बरोबर आहेत."

"वहिनी, एकच निवडायचंय."

"का? स्वयंवर आहे?"

मग तो प्रश्न रचणाऱ्याने खरा सर्व्हर कधी डोळ्यांनी पाहिला आहे का, या विषयावर माझी झाडाझडती. जसा काही मीच तो रचला होता! त्याच सुमारास ऑफिसातल्या एका हितचिंतकाने त्यांना खऱ्या परीक्षेतून चोरून आणलेले प्रश्न दिले. तेच पाठ करून लोक धडाधड पास होत होते. वहिनींनी ते पाकीट न उघडता परत केलं. "चोरांपासून राखण करायची परीक्षा," त्या म्हणाल्या, "आणि ती चोरीच्या मालावर द्यायची?"

मार्च संपत आला, तेव्हा कुठे परीक्षेची तारीख मिळाली. केंद्र स्वारगेटजवळच होतं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. तिथे काउंटरवरच्या बाईंनी ओळखीचे दोन पुरावे मागितले. वहिनींनी ऑफिसचं कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. लायसन्स लग्नाआधीचं होतं. मुदत शिल्लक आहे तर बदलायचं कशाला, हा वहिनींचा हिशोब. आता आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण तांदळावर अंगठीने लिहून तिचं नावही बदलतात. दादाने ते मोठ्या हौसेने बदललं होतं. त्यामुळे दोन कार्डांवर नावात किंवा आडनावात काही म्हणता काही जुळत नव्हतं.

"मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत," त्या बाई म्हणाल्या.

"आहेतच," वहिनी म्हणाल्या.

मग मात्र मी तोंड सोडलं. "अहो, फोटो बघा की! नाक तेच, डोळे तेच. मार्च संपतोय, यांच्या नोकरीचा प्रश्न आहे. लग्नात नाव बदललं हा यांचा गुन्हा आहे का?" बाई नियम सांगत राहिल्या, माझा आवाज चढत राहिला. शेवटी वहिनींनी माझी बाही ओढली. "भाऊजी, पुरे. त्या बरोबर आहेत. त्या खुर्चीत मी असते तर मीही सोडलं नसतं." जिना उतरताना त्या मध्येच थांबल्या, पदराने चष्मा पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या. मला त्या नियमाचा, त्या मॅनेजरचा आणि खरं सांगायचं तर वहिनींच्या त्या न्यायबुद्धीचाही भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

एप्रिलमध्ये त्या टायपिंगच्या टेबलावर बसल्या. सर्व्हरची खोली ज्याला मिळाली, तो कोणते प्रश्न पाठ करून पास झाला होता हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. वहिनींनी मात्र परीक्षेला पुन्हा नाव घातलं. "आता कशाला?" दादाने विचारलं. "अभ्यास झालाय," त्या म्हणाल्या. लायसन्सवरचं नाव बदलून घ्यायला मी सुचवलं, तेही त्यांनी ऐकलं नाही. माहेरच्या नावाचं एक जुनं बँकखातं होतं, त्याचं कार्ड होतं. ते आणि लायसन्स घेऊन, माहेरच्याच नावाने त्या परीक्षेला बसल्या, आणि पास झाल्या.

सर्टिफिकेट पोस्टाने आलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या. दादाने लिफाफा फोडला आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. लग्नानंतर ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. आतून लगेच "ओ!" आली. इतक्या कोवळ्या आवाजात ओ देणाऱ्या त्या मुलीला मी कधी भेटलोच नव्हतो. दादा कागद हातात धरून उभाच राहिला. हाक तर मारून बसला होता, पण पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना.