पाणी आलं की ठराव पडतो

आमच्या ठाण्यातल्या कोळीवाड्याच्या मंडळाचा मी बरीच वर्षं चिटणीस होतो. चार जुने लोक जमले की कुणीतरी म्हणतंच, अरे, तो घटनादुरुस्तीचा किस्सा सांग. आता कुठला सांगू? एक सांगायला जावं तर मागून तीन निघतात! आज हसत सांगतोय, कारण खाडीकाठचं आमचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा, अजून शाबूत आहे. तेव्हा मात्र हसायला येत नव्हतं.

*

मंडळाची घटना कोर्टात कारकून असलेल्या आमच्याच एका गाववाल्याने लिहिलेली. एकदम कडक. घटना बदलायची तर निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि त्यातले दोन तृतीयांश बाजूने पाहिजेत.

पण कारकुनाने खाडी हिशेबात धरलीच नव्हती. भरती आली की होड्या काढायला लागतात, नाहीतर दिवसभर चिखलात रुतून बसतात. काठावरून कुणा बाईने "पाणी आलं" अशी हाक दिली की चालू सभेतून माणसं उठायची. कोरम गेला, ठराव पडला.

एकदा दुरुस्त्या नीट कायद्यात बसवायला डोंबिवलीचे एक वकील आणलेले. नाकाला रुमाल लावून बसले बिचारे. त्यांनी विचारलं, "आपल्या सभेचा कोरम साधारण किती असतो?"

हिराकाका म्हणजे आमच्यातले सगळ्यात वडील. ते शांतपणे म्हणाले, "भरती कवा हाय त्यावर."

वकीलसाहेबांनी ते लिहून घेतलं.

*

आमचे अध्यक्ष धर्माशेठ. माणूस मोठा टापटिपीचा. सभेत कुणीही पाच मिनिटांच्या वर बोलू नये, अशी दुरुस्ती त्यांनी आणली आणि तिचं महत्त्व पटवायला स्वतःच उभे राहिले. मंडळाचा इतिहास झाला, वेळेचं मोल झालं, जपानची माणसं कशी शिस्तीची तेही झालं. बोलता बोलता पाणी आलं!

*

मत द्यायचं ते हात वर करून. पण कुणीही हात वर करायच्या आधी हिराकाकांकडे बघायचा. एकदा काकांनी नुसता चहावाल्याला हात केला, तर हॉलच्या रंगकामाचा ठराव एकमताने पास!

म्हणून शिकल्यासवरल्या पोरांनी गुप्त मतदानाची दुरुस्ती आणली. ती झाली पास, कारण काकांनी हात वर केला. पुढच्या सभेला पेटी आणली, पडदा लावला. काका मत देऊन बाहेर आले आणि रांगेतल्या पहिल्यानेच विचारलं, "काका, काय लिवलंत?"

काकांनी मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्याच्या पुढच्या सभेपासून परत हात वर.

*

जनाआत्या माझी सख्खी आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. खळ्यावर जवळा, करंदी सुकवायची आणि टोपली घेऊन कल्याणच्या बाजारात विकायची. कुणापुढे कधी हात पसरला नाही तिने. पण घटनेप्रमाणे सभासद कोण, तर घरातला कर्ता पुरुष. तिच्या घरात पुरुषच नाही, म्हणजे मंडळाच्या लेखी ते घरच नाही! सभा सुरू झाली की ती आपली हॉलच्या उंबऱ्यावर येऊन बसायची.

बायकांनाही सभासद करा, अशी दुरुस्ती मी दर वर्षी मांडायचो. विरोध कुणाचाच नाही. सगळे म्हणायचे, एकदम बरोबर, जनाआत्याचा मान आहे. मग धर्माशेठ गोड हसून म्हणायचे, "पुढल्या वर्षी बघू."

*

नव्वदीत इकडे माजिवड्यापर्यंत बिल्डिंगी उठायला लागल्या आणि बिल्डरची नजर आमच्या खळ्यावर पडली. खळं विकता येणार नाही असं घटनेत कलम होतं. ते काढून टाकायची दुरुस्ती धर्माशेठनी आणली. प्रत्येक सभासदाला एक फ्लॅट मिळणार होता. पोरं कंपन्यांत लागलेली, मासळीचा वास त्यांना नकोसा झालेला. सगळे खूश.

जनाआत्या सभासद नाही, म्हणजे तिला फ्लॅट नाही. आणि खळंही जाणार. तिने मला विचारलं, "मंग मी बाजारात काय घेऊन जाव?"

धर्माशेठ पक्के. या वेळी त्यांनी सभाच मुळी भर ओहोटीला लावली. कुणी उठायचा प्रश्नच नाही. हॉल गच्च भरलेला. मी हात मोजायला उभा राहिलो.

"बाजूने असतील त्यांनी..." एवढंच धर्माशेठ म्हणाले, तेवढ्यात उंबऱ्यावरून हाक आली.

"पाणी आलं!"

पोरांना भरती-ओहोटीतलं काही कळेनासं झालेलं, त्यांनी सवयीने हिराकाकांकडे बघितलं. काका म्हणजे झोपेतून उठवलं तरी खाडीत पाणी कुठवर आहे ते सांगणारा माणूस. त्यांनी जनाआत्याकडे बघितलं. मग मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि उठले.

झालं! अख्खा हॉल उठला. धर्माशेठ ओरडतायत, अरे थांबा, ओहोटी आहे, मी बघून सभा लावलीय. ऐकतो कोण? हॉलमध्ये उरलो धर्माशेठ, मी आणि चहाची किटली. कोरमअभावी ठराव पडला असं मी लिहिलं आणि मटकन खुर्चीत बसलो. इतकं सुटल्यासारखं मला पोरीचं लग्न पार पडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग आम्ही दोघंही काठावर गेलो. समोर लांबपर्यंत नुसता चिखल, आणि सगळे त्याच्याकडे बघत उभे. हिराकाका बिडी ओढत होते.

धर्माशेठ लालबुंद. "काका, पाणी कुठंय?"

काकांनी खळ्याकडे बोट केलं. जनाआत्या तिथे जवळा पसरत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "येल की संध्याकाळी."

"आणि माझी दुरुस्ती?"

आत्याने हाताला चिकटलेला जवळा झटकला.

"पुढल्या वर्षी बघू."