अंड्यांची पिशवी

तळहाताएवढी, केसाळ, झाडावर राहणारी टॅरंटुला कोळ्याची मादी मी राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये उभ्या काचेच्या पेटीत पाळली होती. दोन नर खाऊन तिसऱ्याशी तिचं जमलं, आणि पेटीत ठेवलेल्या झाडाच्या सालीमागं तिनं अंड्यांची पांढरी पिशवी विणली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हादरा बसला की मादी स्वतःचीच अंडी खाते. दार आपटलं की मी आईवर खेकसायचो. वाटण करायला ती मिक्सर उचलून शेजारणीकडं जायची. शेवटी तिनं तो तिथंच ठेवला.

तीन आठवडे झाले आणि मलाच राहवेना. आई भाजीला गेल्यावर मी झाकण काढलं आणि चिमट्यानं साल जराशी सरकवली. मादीनं पुढचे पाय उगारले. मी झटकन हात मागं घेतला, चिमटा काचेवर आपटून निसटला. मी घाईघाईनं झाकण लावलं.

सकाळी पिशवी नव्हती. मादीचं पोट टम्म फुगलं होतं.

"काल कुणी आदळआपट केली?" मी आईवर ओरडलो.

आई पेटीजवळ आली. चिमटा आतच पडला होता. तिनं तो बघितला. शेजारी जाऊन मिक्सर घेऊन आली, ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आता हितं फिरवू न्हवं?"