दुधीच्या फुलांची संध्याकाळ

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, ही नोकरी करणाऱ्या बाईसाठी मुद्दाम केलेली सोयच म्हणायची. दिवसभर ऑफिसात कागद सरकवायचे, हडपसरच्या गर्दीत तासभर बसमध्ये उभं राहायचं आणि मांजरी गावच्या स्टॉपवर उतरलं की पर्ससकट शेतातल्या शेडनेटमध्ये शिरायचं. पाय सुजलेले असायचे. चहासुद्धा त्यानंतर.

शेडनेट आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं उभं केलेलं. चौफेर इमारती झाल्या, ऊस गेला, पण उरलेल्या तुकड्यात काहीतरी पिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. बारीक जाळीमुळे किडी आत येत नाहीत, आणि मधमाश्याही येत नाहीत. कृषी खात्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी हे हसत हसत सांगितलं होतं. त्यांना काय, फक्त सांगायचंच होतं. मधमाशीचं काम आमच्या गळ्यात पडलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या फुलामागे बोटाएवढा दुधी दिसतो त्यावर हलकेच टेकवायचं. मग देठाला लोकरीचा धागा अडकवायचा. रोज वेगळा रंग, म्हणजे कोणतं फळ कधी धरलं ते कळतं. पुढच्या दोन ओळी आप्पांच्या, मागच्या माझ्या.

गेल्या वर्षीपासून त्यांचे हात थरथरायला लागले. फूल टेकायच्या आधीच पराग खाली सांडायचा. त्यांना तेवढं बारीक दिसत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. त्या वेलांत त्यांचा जीव होता. हात चालत नाही असं कळलं तर माणूस खचेल, याची मला भीती वाटायची. म्हणून ते हातपाय धुवायला गेले की मी त्यांच्या ओळी पुन्हा करायचे. रोज. त्यांचे दुधी मंडईत गेले की ते मिशीतल्या मिशीत हसायचे, "अजून हात चालतोय बरं का माझा!" मी हो म्हणायचे, आणि मनातल्या मनात चिडायचेही.

एका संध्याकाळी मात्र अंगात त्राण नव्हतं, कणकण होती. माझ्या ओळी कशाबशा उरकल्या, त्यांच्या तशाच सोडल्या आणि घरी येऊन पडले. एका दिवसानं काय होतंय, असं स्वतःला समजावलं. त्या दिवशीचा धागा निळा होता.

चार-पाच दिवसांत आप्पांच्या ओळींतले निळ्या धाग्याचे सगळे दुधी पिवळे पडून गळाले. माझ्या ओळींतले निळे मात्र चांगले फुगले होते. आप्पा एकेक धागा बघत फिरले. त्यांच्याकडचे लाल, पिवळे, हिरवे सगळे धरलेले. निळेच तेवढे गेलेले. पाण्याचं, खताचं काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "निळ्या धाग्याच्या दिवशी तुला बरं नव्हतं, न्हवं?" मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आले तर ते जाळीच्या दाराबाहेर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून. आत फुलं उमलली होती, पण एकाही देठाला धागा नव्हता. मला बघून ते उठले आणि लोकरीचे गुंडे माझ्याकडे दिले.

"रोज दोन-दोनदा करावं लागत हुतं तुला," ते म्हणाले. "आता एकदाच करत जा."

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. रडू त्यानंतर आलं.