लंकाबाईचं श्रमदान

आमच्या संस्थेला सगळ्यात मोठी देणगी देणारी बाई श्रीगोंद्याकडे, ऊसतोड मजुरांच्या कोप्या-झोपड्यांशेजारी पत्र्याच्या खोलीत राहते. तिथलं पाळणाघर तीच चालवते. नाव लंकाबाई. आपण देणगीदार आहोत, हे तिला दोन वर्षं माहीत नव्हतं. मला होतं, कारण संस्थेचे कागद मीच रंगवतो.

आमच्या योजनेचा नियम साधा आहे. शंभरातले नव्वद रुपये सरकार देतं, दहा संस्थेनं घालायचे. सरकारचे नव्वद फलक, प्रशिक्षण आणि पाहुण्यांचा नाश्ता यांत भराभर संपतात. उरलेल्यात पोरांची खिचडी होते. पंचाईत होती ती दहांची. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब खिशात हात घालतात तो फक्त रुमालासाठी. पण संस्थेचा वाटा श्रमदानातूनही दाखवता येतो, असं पोटकलम मी शोधून काढलं आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

लंकाबाईला पगार सकाळी दहा ते पाचचा. तोडणीवाले मात्र पहाटे चारलाच फडात जातात, त्यामुळे बावीस पोरं तेव्हापासूनच तिच्या दारात. ते सहा तास मी तिचं श्रमदान म्हणून लिहीत गेलो.

यंदा तिनं त्या तासांचे पैसे मागितले. आप्पासाहेब मायेनं म्हणाले, "लंकाबाई, पैसं दिलं तर ते श्रमदान ऱ्हात न्हाई. आपला वाटा बुडतो, अनुदान थांबतं आन् पाळणाघराला कुलूप. आता तुमीच ठरवा." ठरवायचं तिनं, हे मला फारच लोकशाहीचं वाटलं.

लंकाबाई मूळची पाथर्डीकडची. वीस वर्षं तिनं कोयता चालवला. तिची लेक ज्ञानेश्वरी तान्ही असताना फडात पाचटावर निजली होती आणि उसानं भरलेली गाडी मागे सरकली. पोरगी वाचली, पण तिचा पाय गेला. आप्पासाहेबांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते इतके निवांत होते. लंकाबाईनं संमतीपत्रावर सही केली. त्यातला 'स्वखुशीने' हा शब्द माझा.

मग नगरहून तपासणीला साहेब आले. आप्पासाहेबांनी मुहूर्त साधून तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फोटो. फोटोसाठी कडेवरचं पोर खाली ठेवायला लावलं, तर त्यानं भोकाड पसरलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर ती साहेबांकडे वळली.

"सायेब, मी काय दिल्यालं न्हाई. ह्यांनी घेतलंय. मी दार लावलं तर ही पोरं गाडीखाली निजत्याल, म्हनून गप बसले."

साहेबांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं, आप्पासाहेबांनी माझ्याकडे. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. साहेबांनी चहा संपवला आणि शेरा लिहिला : 'लोकसहभाग उत्तम. वाढवण्यास वाव आहे.'

आईबाप फडावरून परत येईस्तोवर पोरं संध्याकाळी सातपर्यंत लंकाबाईकडेच असतात. पाचनंतरचे ते दोन तासही आता मी श्रमदानात धरतो.