टाळ्या आधी वाजल्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मेलबर्नला मोठी टेनिस मॅच पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा मी बहिणीशी खोटं बोललो होतो.

आधी नोकरीसाठी मेलबर्नला निघालो तो दिवस सांगतो. चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या क्वार्टरसमोर टॅक्सी उभी होती. अर्धांगवायूनंतर बाबांना आम्ही पहिल्यांदाच व्हरांड्यात आणून बसवलं होतं. पाया पडून मी पायरीवर टेकायला गेलो, तर ते अडखळत बोलले, "आधी पूस, मंग बस." वीज केंद्राची राख आमच्याकडे सगळ्यावर बसते, पुसल्याशिवाय कोणी कुठे बसत नाही. सुनंदाताईनं बॅग डिकीत टाकली. "जा बाबू. मी आहो ना इथी. फक्त एक डाव मले तिथलं टेनिस दाखव." दाखवतो म्हटलं.

टेनिस खरं तर तिचं. कॉलनीच्या कोर्टवर ती आधी खराट्यानं राख झाडायची, पाणी मारायची, मग आम्ही खेळायचो. तरी थोड्या वेळात चेंडू करडा व्हायचा. मी तिच्याकडून कायम हरलो. माझ्या सर्व्हिसवर ती ओरडायची, "एसटी आहे का रे हे? येईल तवा येईल!" बाबा अंथरुणाला लागले आणि तिनं रॅकेट कपाटावर टाकली. तिच्या लग्नाचा विषयही मग कोणी काढला नाही. मी परदेशातली नोकरी घेतली.

काही वर्षांनी मॅचची तिकिटं काढायची वेळ आली. ताईला बोलवायचं तर तेवढे दिवस चंद्रपूरला जाऊन बाबांजवळ मला राहावं लागणार होतं. कूस बदलणं, डायपर, चमच्यानं भरवणं. रजा मिळाली असती. मला ते करायचं नव्हतं, एवढंच. मी माझ्यापुरतं तिकीट काढलं आणि तिला फोनवर म्हणालो, "ताई, तिकिटं नाही मिळाली गं. मीही घरीच टीव्हीवर बघणार. पुढच्या वर्षी बघू."

स्टेडियममध्ये जागा सापडल्यावर मी खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसली. ती स्वच्छच होती. शेजारची बाई हसली. उन्हानं लोक टोप्या ओल्या करत होते; चंद्रपुरात मे महिने काढलेल्या माणसाला ते ऊन काहीच नव्हतं. निळं कोर्ट. चेंडू जरा खेळले की बदलत, पुन्हा कोरे पिवळेधमक. बुटांची करकर वरपर्यंत ऐकू यायची. मी खूश होतो. तेही लिहायला हवं.

खेळाडू बाजू बदलत होते तेव्हा ताईचा फोन आला. सवयीनं उचलला.

"पाहून राह्यला का रे?"

"हो, लावलाय टीव्ही."

"हा पोरगा बॅकहँड कसा मारते, पाह्य! आन तू हळू काऊन बोलतं?"

"बायको झोपलीय."

खेळ सुरू झाला. लांबलचक रॅली झाली, शेवटचा फटका रेषेवर पडला आणि सगळं स्टेडियम उठून ओरडलं. फोनमध्ये, ताईकडे, रॅली अजून चालूच होती. मग काही क्षणांनी तिच्याकडच्या टीव्हीतून तोच गलका आला. टीव्हीवर खेळ थोडा उशिरा पोचतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुयाकडं टाळ्या आधी वाजल्या," ती म्हणाली.

मी फोनवर तळहात धरला.

"बरं. पाह्य तू. बाबाले पेज द्याची आहे."

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पुढच्या वर्षाचंही तिनं विचारलं नाही. बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर तिला म्हटलं, आता ये. ती म्हणाली, "आता काऊन?" टेनिस ती टीव्हीवरही पाहत नाही.

तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत, त्यांना घर म्हणजे काय ते ठाऊक असेल. मला सांगता येत नाही. क्वार्टर सुटलं, ताई चंद्रपुरातच तुकूमला दोन खोल्यांत राहते. मागच्या वेळी गेलो, तर तिनं माझ्यासाठी घडीची चादर अंथरली, मला आधी वाढलं आणि विचारलं, "चालते ना तुले आमचं जेवण?" आमचं.

बाबांजवळ बसायचे माझ्या वाट्याचे दिवस ताईनं काढले. ते मी तिचं देणं लागतो. बाबा नाहीत, त्यामुळे ते आता फेडता येत नाही.