बाई म्हणजे भात

"हे बघा बाई!" रेक्टर मॅडमनी माझ्या टेबलावर पिशवी आदळली. आत वाळलेल्या भाताचे गोळे आणि मुंग्याच मुंग्या. "सोखाच्या उशाखाली सापडलं. तिसऱ्यांदा! शनिवारी तिनं रूम रिकामी करायची."

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात काउन्सेलर आहे. आधी साताऱ्यात शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. सोखा कंबोडियाची, तेव्हा सेकंड इयरला. तिच्यासकट पाच कंबोडियन मुलं आमच्याकडे शिकतात. हॉस्टेल गेलं असतं, तर तिला शिक्षण सोडून परत जावं लागलं असतं. परक्या देशातल्या एकट्या पोरीला बाहेर खोली कोण देतंय?

"शनिवारपर्यंत मला बोलू द्या तिच्याशी," मी म्हटलं.

"मुंग्यांशी पण बोला," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

त्या देशात पन्नासेक वर्षांपूर्वी काय झालं ते मी वाचलं होतं. तिथल्या राजवटीनं शहरं रिकामी करून माणसांना शेतावर राबवलं. लाखो लोक उपासमारीनं, मारहाणीनं, गोळ्यांनी गेले. आमच्या कामात 'इनहेरिटेड ट्रॉमा' असा शब्द आहे. म्हणजे सोसलं आजीनं आणि दचकते नात. का दचकते, ते तिलाही कळत नाही.

हे शिकवायला मी पाचही जणांचं सेशन लावलं. चाळीस स्लाइड्स, रात्रंदिवस खपून! तिसऱ्या स्लाइडवर कवट्यांचा फोटो आला. सोखा उठून निघून गेली.

दारा नावाचा मुलगा इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, हे फोटो आम्ही लहानपणापासून बघतोय. घरी मात्र कुणी बोलत नाही. तुम्ही काय नवीन सांगणार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांच्याच घरचं दुःख मी त्यांना पडद्यावर दाखवत बसले होते. अक्कल पाजळायची हौस, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसमध्ये गेले. सोखा एकटीच ताटापुढे. वाढणाऱ्या रशीदामावशींनी विचारलं, "जेवलीस का गं बाय?"

सोखा चक्क हसली. मला म्हणाली, "मॅडम, आमच्यात भाताला 'बाय' म्हणतात. भेटलं की हेच विचारतात, भात खाल्लास का? आणि इथं सगळे तुम्हालाच भात म्हणतात."

मी ते मावशींना सांगितलं. "आत्ता गं बया!" त्या म्हणाल्या. "मग आमी रोज बाईच शिजवताव व्हय?"

हसता हसता मी पर्स उघडली आणि फडक्यात बांधलेली भाकरी तिच्यापुढे ठेवली.

"माझे वडील माणदेशातले. लहानपणी दुष्काळात उपाशी राहिले. पुढं सगळं बरं झालं, तरी मरेपर्यंत उशाशी भाकरी ठेवायचे. मी एक दिवसही उपाशी राहिलेली नाही. तरी ही बघ. साताऱ्याला जायचं, तासाभराचा प्रवास, पण भाकरी बरोबर पाहिजेच."

चाळीस स्लाइड्समध्ये हे कुठंच नव्हतं.

सोखा भाकरीकडे बघत राहिली. "आजी भात लपवते. आईपण. मी चिडायचे त्यांच्यावर. इथं आले आणि माझाच हात तसं करायला लागला."

"आजीला कधी विचारलंस, भात का लपवतेस?"

"नाही. रडली तर?"

"रडू दे की. तू समोर बस."

शुक्रवारी दुपारी माझ्या केबिनमधून तिनं व्हिडिओ कॉल लावला. प्रश्न ऐकून आजी बोलायला लागली ती थांबेचना. सोखाच्या डोळ्यांना धार लागली होती. मला सगळ्यात एकच शब्द कळत होता, बाय. शेवटी आजीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

डोळे पुसत सोखा म्हणाली, "विचारतेय, या बाईंनी भात खाल्ला का?"

रेक्टर मॅडमना मी सगळं सांगितलं. "खोलीत भात चालणार नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. शनिवारी मात्र स्वतःच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आल्या, चुरमुऱ्यांनी भरलेला. सोखा आता थर्ड इयरला आहे. डबा उशाशी असतो. आठवडे-आठवडे उघडत नाही म्हणते.

स्लाइड्स मी डिलीट केल्या. उरलेल्या चौघांनाही घरी एकच प्रश्न विचारायला सांगितला: तेव्हा काय सोसलंत? शिकवायचं ते त्यांच्या आज्याच शिकवतात. मी फक्त फोन लावून देते.

माझ्या पर्समध्ये भाकरी अजून असते. वडिलांना विचारायचं मात्र राहून गेलं.